बोरकरांची अख्खी कोंबडी

प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरमध्ये चार माणसं जमली की दोनच विषय निघतात: प्लांटमधलं ब्रेकडाउन आणि बोरकर! ब्रेकडाउन दुरुस्त होतं, लोक विसरतात. बोरकरांचे किस्से मात्र साठतच चाललेत. मी शेजारी राहतो, त्यामुळे स्टॉक माझ्याकडे.

बोरकर म्हणजे मेंटेनन्सचे साहेब. धाकट्या लेकीनं, पल्लवीनं त्यांना वाढदिवसाला ओव्हन दिला आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "रस्सा तं कोणीबी करते. आपण अख्खी कोंबडी भाजू, अन् टेबलावर पाहुण्यांसमोर कापू. गिअरबॉक्स खोलतो मी, कोंबडीचं काय घेऊन बसले!"

झालं. तिथून सुरू.

*

पहिली कोंबडी पावर हाउस भागातल्या बाजारातून आणली. बोरकर फोनवर बोलत उभे राहिले, आणि दुकानदारानं सवयीनं खटाखट तुकडे करून टाकले. घरी पिशवी उघडली तर रश्श्याचा माल!

दुसरा कोणी असता तर गपचूप फोडणी दिली असती. बोरकरांनी वहिनींचा शिवणाचा डबा मागवला आणि दोन तास बसून सुती दोऱ्यानं ती कोंबडी परत जोडली. भाजून टेबलावर आली तेव्हा दिसायला झकास! बोरकरांनी चाकू नुसता टेकवला, आणि ती परातभर पसरली.

बोरकर म्हणाले, "पाहा, याले म्हणतात नरम शिजणं!"

*

भाजलेल्या कोंबडीला कापायच्या आधी पंधरा मिनिटं आराम द्यायचा असतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं. मग काय, प्लांटमधल्यासारखा लाल टॅग बनवून परातीला बांधला: 'काम चालू आहे, हात लावू नये.'

त्या दिवशी आमचा फिटर दोस्त ढोमणे जेवायला होता. तो बिचारा किती वेळ टॅग वाचणार? त्यानं पोळी आणि वांग्याची भाजी सुरू केली. टॅग निघाला तेव्हा त्याच्या सहा पोळ्या झाल्या होत्या.

"ढोमणे, घे ना!"

"साहेब, आता मलेच पंधरा मिनिटं आराम पाहिजे!"

*

एकदा कोंबडी कापता कापता बोरकर घामाघूम झाले. जिथं चाकू घालावा तिथं हाड! वहिनी म्हणाल्या, "कावून हो, काय शोधून राहिले?"

"छातीचं मांस. नाहीच आहे!"

सोमवारी ते थेट दुकानदाराशी भांडायला गेले. "कोंबडीले छाती नव्हती! असा माल विकता?"

दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, पलटाके देखे थे क्या?"

*

पण खरी परीक्षा पल्लवीच्या लग्नाची.

मुलगा हथखोजच्या कारखान्यात इंजिनिअर. पल्लवीला मनापासून आवडलेला. त्याचे आईवडील एकदा चहा पिऊन गेले, "कळवतो" म्हणाले, आणि महिनाभर काहीच कळवलं नाही. पोरगी वाळून गेली. मग निरोप आला: रविवारी जेवायलाच येतो, तुमच्या कोंबडीबद्दल फार ऐकलं!

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या कोंबडीपायी पोरीचं जमता जमता मोडलं, तं पाहा मग!"

त्यात नागपूरहून मोठा जावई आला. आमच्याकडे लेग पीस जावयाचा, यात चर्चा नाही. दिवाळीत चुकून पंख वाढला, तर हा तीन दिवस सासऱ्याशी बोलला नव्हता! आता मोठा जावई, होणारा जावई आणि त्याचे वडील. मानकरी तीन, कोंबडीला पाय दोन.

मी म्हटलं, "दोन कोंबड्या भाजा."

"ओव्हनात एकच बसते."

"मग एक सुट्टा लेग पीस भाजून ठेवा."

"अन् तो सुट्टा कोणाले देऊ? ज्याले देईन तो रुसंन!"

शेवटी ढोमणे म्हणाला, "फिटिंग करून टाकू." दोरा, टूथपिक, वरून कोथिंबीर. तिसरा पाय कोंबडीच्या पोटाखाली असा बसला, की मलाही सापडेना.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई फार मोजकं बोलायची. प्रत्येक वाक्यात "बोरकर साहेब", बाकी चेहऱ्यावर काही नाही. वडील पशुवैद्यकीय खात्यातून रिटायर झालेले, हे आम्हाला ताटं मांडताना कळलं! ढोमणेनं माझा हात दाबला. पण आता उशीर झाला होता.

आणि खरं सांगतो, त्या दिवशी बोरकरांनी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी बरोबर कापली. सांधा बिनचूक सापडला. पहिला लेग पीस मुलाच्या वडिलांना. दुसरा मुलाला. मग थोड्या गप्पा मारून, परात फिरवून, तिसरा मोठ्या जावयाला. जावई खूश!

मुलाच्या वडिलांनी तीन ताटांकडे पाहिलं. मग कोंबडीकडे. मग परत ताटांकडे. त्यांचे ओठ हलत होते. वहिनींचा चमचा हवेत थांबला. पल्लवीनं मान खाली घातली, तिचे कान लाल. बोरकर हातात चाकू घेऊन उभे, आणि मला त्या पोरीसाठी खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात मुलाच्या आईनं आपलं ताट हळूच पुढं सरकवलं.

"व्याहीबुवा, अजून एक निघत असंन, तं मले वाढा!"