पाणी मारल्याचा दाखला

विश्वंभर सोमण श्रीवर्धनचे. घरची सुपारीची वाडी भावाने सांभाळली आणि हे बांधकाम खात्यात अभियंता झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने उरले असताना रेवदंड्याच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम त्यांच्याकडे आलं.

धुळीचा बंदोबस्त त्या कंत्राटातच लिहिलेला होता. हवा-प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे दिवसातून तीनदा पाणी मारायचं, खडीच्या डंपरवर ताडपत्री घालायची, वस्तीच्या बाजूने उंच जाळी बांधायची. हे सगळं होतंय असा दाखला दर महिन्याला विश्वंभरांनी द्यायचा. ठेकेदाराचा टँकर पहिल्या आठवड्यात दिसला, मग दिसेनासा झाला. विश्वंभरांनी दोनदा टोकलं. "बघतो साहेब," एवढंच तो म्हणाला. पावसाच्या आत रस्ता पुरा करा म्हणून वरून रोज फोन. विश्वंभरांनी सही केली. पुढच्या महिन्यात केली, त्याच्या पुढच्याही. छापील मजकूर, खाली सही. आपण खोटं लिहितोय हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मार्चअखेरीस एका दुपारी नीराबाई कचेरीत आल्या. रस्त्याला लागूनच त्या बोंबील वाळवत. सोबत सून भाविका. तिच्या हातात माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या त्या दाखल्यांच्या प्रती होत्या.

"ही सही तुमची का?" भाविकाने विचारलं.

"माझीच."

"मग सांगा, तीन महिन्यांत पाणी कितीदा मारलं?"

विश्वंभरांनी तारखा बघत तिन्ही प्रती उलटल्या.

"म्हावऱ्यावरची धूल आमी झटकली, सायब," नीराबाई म्हणाल्या. "माज्या मालकाच्या छातीत बसली ती कशी झटकू? दम्याचा मानूस हाय तो. तुमी येकडाव येऊन बघायचं व्हतं."

विश्वंभर तसेच उठले आणि त्यांच्याबरोबर निघाले. घराच्या खिडक्यांना ओली लुगडी बांधलेली. नीराबाईंचा नवरा अनंता खाटेवर बसून होता. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडे. साहेबांना बघून त्याने तक्रार केली नाही, पाणी द्यायला सांगितलं. तो तांब्या विश्वंभरांना उचलवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम थांबवल्याचं पत्र ठेकेदाराला दिलं. मग आणखी एक पत्र वरिष्ठांना लिहिलं: मागचे तिन्ही दाखले मी खात्री न करता दिले, ते खोटे आहेत.

वरिष्ठांचा फोन आला. "काम थांबवलंत ते ठीक. दुसरं पत्र मागे घ्या, सोमण. कुणी विचारलंय तुम्हाला?"

"विचारलंय, साहेब. म्हणून तर लिहिलं."

पाचव्या दिवशी जाळ्या लागल्या, टँकर आला, तेव्हाच काम परत सुरू झालं. विश्वंभरांवर चौकशी बसली. निवृत्तीच्या दिवशी ना हार, ना भाषणं. चहा घेऊन ते घरी गेले.

अनंता श्रावणात गेला. दुखणं जुनंच होतं, धुळीने किती वाढलं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. विश्वंभर नीराबाईंना भेटायला गेले.

"तुमी लिवलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पन तीन म्हयने आदी लिवायला पायजे व्हतं."

"हो," विश्वंभर म्हणाले.

चौकशीत त्यांनी बचाव केला नाही. त्यांच्यावर ठपका आला. अपील करा, असं भावाने परोपरीने विनवलं. "ठपका खरा आहे," ते म्हणाले, आणि तो कागद त्यांनी नोकरीच्या बाकीच्या कागदांत लावून ठेवला.