चांगला माल तपासायचा कशाला?

"उद्यापासून तुझी ड्युटी बंद," पाटीलशेठ म्हणाले, आणि इस्माइलने चालता लूम थांबवला.

मी शेठच्या यंत्रमाग कारखान्यातलं कापड घेणाऱ्या पार्टीचा क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्याच्या मालात खोट काढायची आणि वर त्याचाच चहा प्यायचा, अशी नोकरी. कापडाचा उभा धागा तुटला आणि कारागिराने वेळेवर जोडला नाही, तर लांबलचक फट पडते. फटी दिसल्या म्हणून आदल्या आठवड्यात मी माल परत पाठवला होता. शेठना गुन्हेगार हवा होता, तो लगेच सापडला. शेठनी केलेल्या चेकिंगमध्ये निघालेली प्रत्येक फट इस्माइलच्याच ताग्यात, म्हणजे त्याने विणलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात होती.

इस्माइल बायकापोरांसह शेठच्याच खोलीत राहायचा. ड्युटी गेली की खोलीही जाणार. हे माझ्या रिपोर्टमुळे होतंय म्हटल्यावर मला चहा जाईना.

बाकीच्यांच्या ताग्यांत किती फटी निघाल्या, मी विचारलं.

"न्हाय निघाल्या. त्यांचा माल चांगला हाय."

"तपासला?"

"चांगला माल तपासाचा कशाला?"

घाण्याचा बैलसुद्धा मधेच थांबतो. शेठचा तर्क थांबत नव्हता. आधीच संशय, म्हणून फक्त इस्माइलची झडती. झडतीत फटी सापडल्या, म्हणून संशय पक्का.

मी सगळ्यांचे तागे मागवले. कडेला कारागिराचं नाव असतं, त्यावर कागद चिकटवला. मग एकेक तागा दिव्याच्या टेबलावरून ओढला. फटी सगळ्यांत होत्या, कारण सूतच कच्चं आलं होतं. एका ताग्याची मात्र चाळणच झाली होती.

"ह्यो इस्माइलचा," शेठ खुशीत म्हणाले. "त्याचा हात वळखतो मी."

मी कागद फाडला. नाव बबनचं होतं. बबन म्हणजे शेठचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ.

शेठनी ताग्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "इस्माइल बाजूच्याच लूमवर असतो. त्याच्या संगतीनं बिघडला आसंल."

मी वाद घातला नाही. शांतपणे म्हटलं, खराब कापडासाठी माणूस काढायचा नियम असेल तर पहिला बबन. घरी तुम्ही सांगता की मी सांगू?

शेठनी सुतवाल्याला फोन लावून शिव्या घातल्या. इस्माइलने लूम सुरू केला.

नोकरीत एवढं शिकलो. चुकीचा तर्क बरोबर तर्काने मोडत नाही, मालकाच्या बायकोच्या धाकाने मोडतो.