फाटक्या कानाचा बिबट्या

न विकलेल्या चित्रांचं एक बरं असतं. ती गादीखाली, कपाटामागे, दिवाणाच्या पेटीत कुठेही सपाट पडून राहतात. पण ती का विकली गेली नाहीत याचे किस्से कुठे ठेवायचे? ते साठत जातात आणि चार माणसं जमली की बाहेर पडतात. आमच्या ग्रुपकडे आता चित्रांपेक्षा किस्सेच जास्त झालेत, म्हणून थोडे इथे रिकामे करते.

आम्ही चौघं. विद्याताई टेंभी नाक्याजवळ राहतात, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाल्या; त्या घुबडं काढतात. शिरीषकाकांचं आयुष्य इन्शुरन्सच्या ऑफिसात गेलं. ते पक्षी काढतात, एकेक पीस मोजून. नितीन कल्याणचा, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तो फक्त बिबटे काढतो. आणि मी मानसी, डोंबिवलीची. मी बेडूक काढते. बेडूक कोण विकत घेणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असल्यामुळे चौघांत त्यातल्या त्यात सुखी मीच!

ग्रुपचं नाव 'फक्त ओरिजिनल'. रानातली जनावरं हाताने रंगवायची, फोटो काढून इन्स्टावर टाकायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. शेवटच्या कामात आम्ही फार तरबेज झालोय.

*

शिरीषकाकांनी दोन महिने खपून धनेश रंगवला. पोस्ट केल्याबरोबर पहिली कमेंट आली, "मस्त क्लिक सर! लेन्स कोणती?"

काकांनी उत्तर लिहिलं, "महोदय, हे छायाचित्र नसून जलरंगातील चित्र आहे."

लगेच दुसरा आला. "अच्छा, एआय आहे का? प्रॉम्प्ट द्या ना."

प्रॉम्प्ट म्हणजे एआयला कसलं चित्र हवं ते सांगणारं वाक्य, हे मी काकांना फोनवर समजावून सांगितलं. ते चिडून कामाला लागले. सुनेला मोबाइल धरायला लावून स्वतः चित्र रंगवतानाचा व्हिडिओ काढला. वयामुळे काकांचा हात थोडा थरथरतो. रंगवताना ते मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवतात, तरी थरथरतोच.

व्हिडिओवर कमेंट आली, "हात बघा कसा हलतोय! एआयला अजून हात जमत नाहीत."

काकांनी मला विचारलं, "मानसी, आता मी खरा आहे हे दाखवायला काय टाकू? आधार कार्ड?"

*

विद्याताईंना मोबाइल फक्त उचलता येतो आणि ठेवता येतो. फोटो टाकायचा झाला की मला फोन. एकदा मोठ्या हिमतीने त्यांनी स्वतः पिंगळा पोस्ट केला, तो आडवा गेला. दोन दिवस ते घुबड कुशीवर पडून होतं. "आजारी आहे का?" असं एकाने विचारलंसुद्धा. आम्ही ताईंना आजही त्यावरून चिडवतो.

पण नवल म्हणजे तोच पिंगळा विकला गेला! डोंबिवलीच्या एका नवीन लग्न झालेल्या मुलीने घेतला. आम्ही पार्टी केली. चौथ्या दिवशी पार्सल परत. पार्सलला वरून लिंबू-मिरची बांधलेली. आत चिठ्ठी होती, "ताई, चित्र फार फार आवडलं. पण सासूबाई म्हणतात घरात घुबड नको. पैसे परत नकोत, फक्त घुबड परत घ्या."

ताई चिठ्ठी हातात घेऊन बसल्या होत्या. "मग हे विकलं गेलं असं धरायचं की नाही?"

काका म्हणाले, "आमच्या इन्शुरन्समध्ये याला सरेंडर म्हणतात."

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. पिंगळा त्यांनी स्वतःच्या देवघराशेजारी लावला, तो अजून तिथेच आहे.

*

नितीनला एका गृहस्थांचा मेसेज आला. "तुमचा बिबट्या कुठल्या दिशेला बघतो?"

"डावीकडे," नितीनने कळवलं.

"म्हणजे आमच्या हॉलमध्ये दक्षिणेला बघणार. चालणार नाही. उजवीकडे बघणारा मिळेल?"

नितीन म्हणाला, काढून देतो. मग सुरू झालं. बसलेला नको, धंदा बसतो. उभा हवा, पण दात नकोत, घरात भांडणं होतात. पळणारा चालेल, पण दाराच्या दिशेने पळणारा नको, लक्ष्मी जाते. नितीनने जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या टेबलावर सतरा स्केचेस करून पाठवली.

शेवटी गृहस्थांनी भिंतीचा फोटो पाठवला. भिंतीवर सात पांढऱ्या घोड्यांचं छापील पोस्टर. खाली लिहिलेलं, "दादा, असं काहीतरी काढत जा."

*

आता नितीनच्या बिबट्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

येऊरच्या जंगलाला लागून एक जुनी भिंत आहे. एकदा पहाटे नितीनला त्या भिंतीवर बिबट्या दिसला. पुरतं अर्धं मिनिट. "त्याने माझ्याकडे बघितलं आणि गेला. मी तिथेच बसलेलो, उठताच येईना," असं तो सांगतो. त्या बिबट्याचा डावा कान फाटलेला होता. तेव्हापासून नितीन तोच बिबट्या काढतो, तोच फाटका कान. कान अगदी बारीक ब्रशने, श्वास रोखून. आणि आजवर आमच्याशिवाय एकाही माणसाने त्या कानाबद्दल विचारलं नव्हतं.

एके दिवशी नितीनचा फोन आला. "मानसी, माझं प्रदर्शन लागलंय. घोडबंदर रोडला ये."

मी रिक्षा करून धावत गेले. एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर फ्लेक्स लावला होता, 'बिबट्यापासून सावधान! लहान मुलांना एकटे सोडू नये.' मधोमध नितीनचा बिबट्या! इन्स्टावरून सरळ उचललेला. नाव नाही, विचारणं नाही, काही नाही.

मी चवताळले. नितीन मात्र फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन बघत होता. म्हणाला, "चोरलं ते सोड. कान बघ."

फ्लेक्सवाल्याने कान दुरुस्त केला होता! उजवा कान कॉपी करून डावीकडे चिकटवला होता. दोन्ही कान एकदम शाबूत. नितीनचे डोळे भरून आले, आणि गेटवरचा वॉचमन त्याला म्हणाला, "घाबरू नका साहेब, रोज नाय येत तो."

त्या रागात घरी जाऊन नितीनने काय करावं? मूळ चित्रावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या रंगाने स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाला, "आता चोरा साल्यांनो!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, वॉटरमार्क फोटोवर टाकायचा असतो, चित्रावर नाही!"

तो बिबट्या त्याला पुन्हा पहिल्यापासून काढावा लागला. चार महिने गेले. मधल्या काळात जुन्या चित्रावर एकच मेसेज आला, "भाऊ, नाव काढून पाठव ना, डीपीला लावायचंय."

*

नवा बिबट्या पूर्ण झाला तेव्हा नितीन म्हणाला, "बस. येत्या खंडेनवमीपर्यंत हा एका अनोळखी माणसाने घेतला पाहिजे. भाऊ नको, वर्कशॉपचा शेठ नको, तुम्ही तर नकोच. नाही घेतला, तर पूजेला ठेवलेले ब्रश मी परत उचलणार नाही."

खंडेनवमीला वागळे इस्टेटमध्ये मशिनींची पूजा असते. नितीन ती उरकून ताईंकडे येतो आणि आम्ही चौघं ब्रशची पूजा करतो. हळद, कुंकू, झेंडू. आमचा दरवर्षीचा रिवाज आहे. त्यामुळे हा माणूस गंमत करत नाही, हे आम्हाला कळलं. मला खरंच धास्ती वाटली. आमच्यात चित्रकार तो एकटाच आहे. आम्ही बाकीचे बरं काढतो, एवढंच.

गणपती झाले. बिबट्या तसाच. मग आम्ही तिघांनी कट केला. मी 'स्नेहल' नावाचं खोटं अकाउंट उघडलं, पत्ता माझ्या नाशिकच्या मावसबहिणीचा दिला आणि मेसेज टाकला, "चित्र आवडलं. घेते. पैसे कुठे पाठवू?"

दहाव्या मिनिटाला नितीनचा ग्रुपवर मेसेज, "तुमच्यापैकी स्नेहल कोण?"



मग त्याने मला फोनच केला. चिडलेला नव्हता, दमलेला वाटत होता. "तुम्ही लोकं पण ना! किंमत ऐकून भाव केला नाही, असं गिऱ्हाईक बघितलंय कधी? खरं गिऱ्हाईक असतं तर म्हणालं असतं, कमी करा. आणि विचारलं असतं, कान का फाटलाय."

आम्ही माफी मागितली. पुन्हा असं करणार नाही, अशी शपथ घेतली.

*

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेला नितीनने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. कोणी संतोष नावाचा माणूस, आंबिवलीचा. त्याने लिहिलं होतं, "दादा, ओरिजिनल आहे ना? डावा कान असा का दाखवलाय? थोडं कमी होईल का? मीच येऊन घेऊन जाईन."

खाली नितीनचं उत्तर, "वा! या वेळी अभ्यास करून आलात. पुरे आता. चहा पाजा." आणि ब्लॉक!

स्क्रीनशॉटखाली त्याने आम्हाला हसरी तोंडं पाठवली होती. "कोण होतं ते?"

मी काकांना फोन लावला. काका म्हणाले, "मला वाटलं तूच." ताईंना लावला. त्या म्हणाल्या, "अगं, मला कुठे दुसरं अकाउंट उघडता येतंय!"

म्हणजे तो खरंच गिऱ्हाईक होता! मी त्या संतोषला शोधून मेसेज केला. माफी मागितली, सगळं समजावलं, चित्र अजून आहे म्हणाले. उत्तर आलं का, रोज बघत होते. आठव्या माळेला उत्तर आलं.

"राहू दे ताई. मुलीच्या वाढदिवसाला पाहिजे होतं, तो झाला. सात घोडे आणले. पण ती अजून विचारते, त्या बिबट्याच्या कानाला काय झालेलं?"

काका म्हणाले, "नितीनला सांगायला हवं."

ताई म्हणाल्या, "काय सांगणार? एकच आला होता, आणि तू हाकललास?"

खंडेनवमीला आम्ही ताईंकडे जमलो. खाली टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग, ढोल-ताशे. पाटावर चौघांचे ब्रश मांडलेले. नितीनने आपल्या बारीक ब्रशला, त्या कानाच्या ब्रशला, हळदी-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि आमच्याकडे वळला.

"अरे, सांगा ना आता तरी, कोण होतं ते? शाबासकी द्यायचीय."

काका झेंडूच्या पाकळ्या सारख्या करत बसले.

"मी होते रे," विद्याताई म्हणाल्या.

नितीन असा हसला की त्याला ठसकाच लागला. "ताई, तुम्ही? आडवं घुबड टाकणाऱ्या तुम्ही! वाटलंच मला आपल्यातलंच कोणीतरी आहे. कान आपल्याशिवाय कोणाला दिसणार?"

त्याने ताईंना वाकून नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि चपला घातल्या.

"नितीन, ब्रश?" मी म्हणाले. "उद्या दसरा. उद्या येशील ना न्यायला?"

"राहू देत इथेच," तो म्हणाला.

अर्धा जिना उतरून तो थांबला आणि वर बघून त्याने विचारलं, "ताई, पण तुम्हाला आंबिवली कुठून सुचलं?"

खाली ढोल वाजत होते. ताई पाटावरची कुंकवाची वाटी उगाच सरळ करत राहिल्या.