पायावर बसलेलं मांजर

आठवडाभर पडदेवाल्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. मशीनवर बसला की उठायचा, उठला की दारापर्यंत जायचा, दारातून परत यायचा, आणि मध्येच गिऱ्हाईक आलं तर त्याच्यावर डाफरायचा. "घाई असेल तर तयार पडदे मिळतात, तिकडं जा!" असं बोलणाऱ्याचं दुकान चालतं तरी कसं, देव जाणे. पण चालायचं, कारण माणूस फाटक्या तोंडाचा असला तरी हात सोन्याचा होता. त्याने शिवलेला पडदा जमिनीला अलगद टेकायचा. ना सूतभर वर, ना सूतभर लोळलेला. आखूड पडदा म्हणजे त्याच्या लेखी शिवीच. "घोट्याच्या वर आलेली पँट घालून लग्नाला जाल का?" असं तो गिऱ्हाइकालाच विचारायचा.

कात्री पहिल्यांदा कधी धरली, असं कुणी विचारलंच तर गडी खुलायचा. "बाबांच्या नव्या पँटवर! चेंडूला कापड हवं होतं ना. आणि गंमत म्हणजे बाबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

या खेपेच्या तगमगीचं कारण मात्र ताई होती. थोरली, एकुलती एक बहीण. ती लेकीकडे कायमची राहायला चालली होती, विमानाने जावं लागेल इतकं लांब. सामान बांधून झालं होतं. आणि पडदेवाल्याच्या मनात लहानपणापासून रुतलेला एक काटा काढायचा राहून गेला होता.

काटा लपंडावाचा. हसू नका, माणसाला कशाचं लागेल सांगता येत नाही. ताईवर राज्य होतं आणि हा बाहेरच्या खोलीत पडद्यामागे लपला होता. ताई आलीच नाही. मग बाबांचा आवाज आला, "कुठंय तो?" आणि ताई म्हणाली, "मला काय माहीत!" झालं, संपलं. नंतर पायांना मुंग्या आल्या तेव्हा हा आपला आपण बाहेर आला, तर सगळे जेवायला बसलेले. कुठं होतास, एवढंही कुणी विचारलं नाही. त्याला शोधून काढलं ते फक्त एका मांजराने. ते मऊ, ऊबदार मांजर येऊन त्याच्या पायांवर बसलं होतं आणि बराच वेळ हललं नव्हतं.

"सख्ख्या बहिणीपेक्षा मांजर बरं," असं तो बायकोला हसत सांगायचा. पण ते हसू वरवरचं होतं. आपण हरवलो तर ताई शोधणार नाही, हे त्याच्या पोटात तेव्हापासून बसलं होतं. आता ती गेली की विचारायचंही राहणार. पण या वयात तोंडाने विचारायचं तरी कसं? म्हणून त्याने ते कापडावर करायला घेतलं.

वहीच्या पानाएवढा तुकडा. भिंतीला मळकट पांढरं अस्तर, पडद्याला हिरवं कापड, त्याला बारीक चुण्या. पोरगा दिसायचा नव्हता, म्हणून चुण्यांमागे थोडा कापूस भरून नुसता फुगवटा केला. आणि खाली करड्या दोऱ्याने मांजर भरलं.

पण मांजर काही बसेना! पडदा जमिनीला टेकलेला, म्हणजे पाय आत. पाय आत, तर मांजरही आत. मग दिसणार कसं? बाहेर भरलं तर ते पायावर बसलेलं वाटेना. उसवलं. पडद्याआड घातलं तर पोराला ढेरी आली. पुन्हा उसवलं.

"अहो, मांजराला एकदा काय ते सांगा तरी," बायको म्हणाली. "आत राहू की बाहेर, बिचारं दमलं असेल."

"तू गप्प बस!" तो खेकसला आणि चहा तसाच टाकून रस्त्यावर एक चक्कर मारून आला. काहीतरी चुकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. शेवटी मांजर पडद्याच्या बाहेर ठेवून त्याने तुकडा कागदात गुंडाळला आणि तडक ताईचं घर गाठलं.

खोलीभर बॅगा होत्या. खिडक्यांवरचे पडदे उतरवलेले, त्यामुळे खोली उघडीबोडकी दिसत होती. ताईने चष्मा लावला.

"अगंबाई, आपली बाहेरची खोली! पण पडदा एवढा लांब कशाला केलास? आपला धुऊन धुऊन आखडला होता. वीतभर वर गेला होता की. आई रोज म्हणायची, खाली पट्टी जोडायला हवी."

पडदेवाल्याने पडद्याच्या खालच्या काठावरून बोट फिरवलं.

"आणि हे मांजर कुणाचं?"

"आपलं."

"आपल्याकडे कुठलं मांजर? बाबांना शिंका यायच्या. दारात फिरकू द्यायचे नाहीत ते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस, ताई! त्या पडद्यामागे मी होतो. तुझ्यावर राज्य होतं आणि तू आली नाहीस. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, मला काय माहीत. का नाही शोधलंस मला?" आवाज चढता चढता शेवटी फाटला. त्याची त्यालाच लाज वाटली.

ताई बघतच राहिली. "अरे गाढवा, तुझे दोन्ही पाय बाहेर दिसत होते! त्यात शोधायचं काय? सापडलास म्हणून ओरडणार, तेवढ्यात बाबा आले. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कापलेली पँट. मी पडद्याला पाठ लावून मटकन खाली बसले आणि फ्रॉक पसरला. तुझ्या पायांवर."

पडदेवाल्याची नजर कापडावरच्या मांजराकडे गेली.

"मग बाबांच्या मागोमाग अंगणात जाऊन सांगितलं, पँट मी कापली म्हणून. असले फटके बसले की जेवताना नीट टेकता येईना. म्हणून कुणी बोलत नव्हतं."

"इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

पडदेवाला बॅगांमध्येच जमिनीवर बसला. खिशातून लहान कात्री काढून, पडदा आखूड करायला त्याने खालची दुमड उसवली. मग मांजराचा करडा दोरा एकेक टाका करून ओढून काढायला लागला. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"फ्रॉक कुठल्या रंगाचा होता गं?" त्याने मान वर न करता विचारलं. "मी मागे होतो. मला दिसला नाही."

ताईने आठवून पाहिलं. तिलाही आठवेना. मग खांद्यावरची मऊ, जुनी शाल काढून तिने तिचं टोक त्याच्यापुढे धरलं.

"यातलं घे."

तो नुसताच कात्री धरून बसला.

"अरे काप ना," ताई म्हणाली. "आता मारायला कोण बसलंय?"