मुखेडच्या माळावरचा लांडगा

ज्या घरात फ्रीजमध्ये दह्याशेजारी लांडग्याची विष्ठा ठेवलेली असते, तिथे किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. आपोआप साचतात.

माझी बायको शैला नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. हिमालयातला लांडगा आणि आपल्या तापलेल्या माळावरचा लांडगा यांच्या जनुकांत काय फरक पडत गेला, हा तिचा विषय. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. तिच्या कामात माझं पद एकच, पिशव्या धरणारा.

मागच्या मंगळवारी कुकर लावून तिचं ईमेल उघडलं. अजून उघडतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता. ‘प्रिय मॅडम, मुखेडचे सर्व नमुने लांडग्याचेच. कुत्र्याची भेसळ नाही.’ मॅडमना जाऊन सात महिने झाले होते.

हे केरबाला सांगायला हवं होतं. केरबा मुखेडकडचा मेंढपाळ. कोकरं जायला लागली तेव्हा त्याने तिला बजावलं होतं, “लांडगा असंल तर कोकरू त्याचा वाटा हाय. कुत्र्याची अवलाद असंल तर बिळात धूर करतो!” मधले महिने तो मेंढरं घेऊन कर्नाटकात होता, फोन बंद; आता परतायची वेळ झाली होती. शैलाचंही त्याला कळलेलं नव्हतं. म्हणजे सांगायच्या गोष्टी दोन. रविवारी मी मुखेडची एसटी धरली.

याच गाडीत एकदा बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर शैलाला म्हणाला, “बाई, डबा खाली ठेवा की. काय हाय त्यात?”

“लांडग्याची विष्ठा.”

तीन सीट रिकाम्या झाल्या! पुढे गर्दी दिसली की ती न विचारताच सांगायची. डब्यात कधीकधी पोहे असायचे.

मी एकदा रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं, ‘पत्नीसोबत लांडग्याच्या शोधात’. हेडमास्तरांनी चष्मा काढला. “सर, सरळ तब्येत लिहा ना. खोटं लिहायला तुमचं काय जातं?”

मुखेडच्या अलीकडे एका खेड्यात तिचं भाषण होतं. तिने सांगितलं, हिमालयातल्या लांडग्याचं रक्त विरळ हवेला सरावलंय, आपला लांडगा उन्हाला आणि उघड्या माळाला. एका जागेशी असं जुळायला हजारो पिढ्या जातात. मागून एक आजोबा उठले.

“मॅडम, मंग आमच्या तलाठ्याला गावात राहायला अजून किती पिढ्या लागतील?”

तलाठी पाहुणे म्हणून स्टेजवरच होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

केरबालाही तिने नमुने ओळखायला शिकवलं, ‘विष्ठेत शिकारीचे केस दिसले पाहिजेत.’ आठवड्यात त्याने चौदा आणून दिले. प्रयोगशाळेने कळवलं, चौदाही एकाच कुत्र्याचे! लांडग्याने टाकलेलं मेंढरू केरबाच्या कुत्र्याने खाल्लं होतं. केरबाला लाज वगैरे वाटली नाही. तो थक्क झाला.

“यंत्राला माझा कुत्रा कळला? नाव बी आलं का त्यात?”

त्यानंतरचे नमुने तिने स्वतः वेचले.

कॉलेजातल्या शोकसभेत एक प्राध्यापक गहिवरून म्हणाले, “मॅडमनी वाघांसाठी आयुष्य वेचलं.” ती असती तर तिथेच उठून दुरुस्ती केली असती. मी नमस्कार केला.

केरबा माळावरच भेटला. रिपोर्ट ऐकून त्याने काठी आपटली. “म्हन्लो न्हवतो का, अस्सल हाय! परवाच एक कोकरू नेलं. नेऊ द्या.”

मग माझ्यामागे बघत म्हणाला, “बाई कशा आल्या न्हाईत?”

“कॉलेजचं काम आहे,” मी म्हणालो.

“लई काम करून राहिल्या.” त्याने गाठोड्यातून घट्ट बांधलेली पिशवी काढली. “ह्या सालच्या पिल्लांची हाय. सावलीत ठेवली. सर, तुमच्यावर भरोसा न्हाई, तुम्ही नाक दाबता. बाईच्या हातात द्या.”

“देतो.”

पिशवी घेऊन मी परतीची गाडी धरली. दुसरी गोष्ट सांगायची राहिली.