अक्काची चाकांची फळी

दाजींचा फोन आला तेव्हा मी सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या मराठी शाळेत वर्गावर होते. "शालू, अक्का गेली गं," ते म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. माझी थोरली बहीण सतत कुठे ना कुठे निघालेली असायची. भाजीला, कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाला दवाखान्यात सोबत म्हणून. दाजींनी दवाखान्याचं नाव सांगितलं, तेव्हा समजलं... सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर दळत असताना तिच्या छातीत कळ आली, ती पायरीवर टेकली, आणि रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझं अजून एका जागी बसणं होत नाही. वह्या तपासायला घेते, उठते, पुसलेला स्वयंपाकाचा ओटा परत पुसते. आता लिहायला बसले, तर तिची ती चाकांची फळीच सारखी डोळ्यांपुढे येते.

लग्न होऊन धुळ्याकडून अक्का सुरतेत आली ती कायमचीच. दाजी कापडाच्या लूमवर कामाला होते. कोसाडच्या वसाहतीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची खाट, मागे स्वयंपाकघर, दाराबाहेर छोटासा ओटा. कतारगामच्या एका घरातून तिने जुनी घरघंटी आणली. विजेवर चालणारी घरगुती चक्की, पण लोखंडी कपाटासारखी जड. शेजारच्या बाया दळण आणू लागल्या आणि अक्काला हुरूप आला. पण घंटी सुरू झाली की घरभर पिठाची धूळ उडायची, आणि आबांना दमा. खोकता खोकता त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. मग अक्का रोज सकाळी घंटी ओढत ओट्यावर न्यायची आणि दळण संपलं की परत आत. एके दिवशी कंबर धरून जी बसली, ती उठेचना. ओझं ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दाजी म्हणाले, घंटी विकून टाकू. आबा म्हणाले, त्यापेक्षा मलाच गावी पोचवा. गावी त्यांना तांब्याभर पाणी द्यायला कुणी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्का आमच्याशी अहिराणीतच बोलायची. "आबा कुठे जात नहीत," ती म्हणाली, "आनि घंटी बी जात नही." कंबरेला पट्टा बांधून दुसऱ्याच दिवशी ती लाकूड शोधायला निघाली, मला बरोबर घेऊन.

दाजींच्या कारखान्यात नवीन यंत्रं आली होती, त्यांच्या खोक्यांच्या जाड फळ्या मागच्या बाजूला पडून होत्या. त्यातल्या धड असलेल्या आम्ही मागून आणल्या. भंगारवाल्याकडे दवाखान्याच्या खाटेची रबरी चाकं मिळाली. अक्काने ओट्यावर घंटीची बैठक दोरीने मोजली, त्याहून चार बोटं मोठी फळी कापायची ठरवली. करवत मी धरायची की तिने, यावरून आमचं भांडण झालं. तिला वाकायचं नव्हतं, पण बसायचंही नव्हतं. फळ्या शेजारी शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, कोपऱ्यांना चाकं स्क्रूने बसवली. दाजी धरून आम्ही तिघांनी घंटी वर चढवली आणि ढकलली, तर दोन पावलांत एक चाक स्क्रूसकट उपटून बाहेर आलं. दाजींनी ते उचलून अक्कापुढे धरलं. अक्काने फळी उलटी केली, आरपार भोकं पाडून बोल्ट घातले, घंटीचे पाय घसरू नयेत म्हणून कडेने पट्टीची किनार लावली. दाराच्या चौकटीशी उतरती फळी टाकली. घंटी स्वयंपाकघरातून ओट्यावर गेली, एका हाताने. तिने बटण दाबलं... आणि घंटी थरथरत स्वतःच चालू लागली, थेट पायरीकडे. अक्काने तिला मिठी मारली. "बंद कर," ती ओरडत होती, आणि वायर माझ्या हाताला लागत नव्हती. आबा खाटेवर बसून हसत होते. त्यांना खोकला आला तरी हसत होते. संध्याकाळी आम्ही ब्रेकवाली चाकं शोधायला गेलो.

त्यानंतर आबा कधी गावाचं बोलले नाहीत. ते त्याच खाटेवर, त्याच खोलीत गेले. वसाहतीत कुणाला फ्रीज हलवायचा असला, कपडे धुण्याचं मशीन एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं असलं, की फळीला बोलावणं यायचं आणि फळीबरोबर अक्काही जायची. आबा गेल्यावर मी एकदा तिला म्हटलं, आता घंटी आतच चालव की, धुळीचा त्रास व्हायला कुणी नाही. तिने बाहेर नेता नेताच उत्तर दिलं, "ओटावर बाया बसतस, बोलतस. आत काय शे?"

परवा रविवारी मी दाजींकडे गेले. दाजींनी घंटी ओट्यावर आणलेली. कुणी सांगितलं नव्हतं, पण दळणाचे तीन-चार डबे येऊन पडले होते आणि ते परत पाठवायचा त्यांना धीर झाला नव्हता. पुढ्यात घंटीच्या पत्र्याच्या जाळ्या, पीठ जाडं की बारीक ते ठरवणाऱ्या, पसरून ते बसले होते. "शालू, बाजरीले कोनती जाळी लागस?" मला माहीत नव्हतं. अक्काने आम्हाला घंटीला कधी हात लावू दिला नव्हता, आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. दोघंही एक एक जाळी उजेडात धरून बघत राहिलो. शेवटी डबा घेऊन बसलेल्या गुजराती शेजारणीने "लावो, मने आपो" म्हणत जाळ्या घेतल्या, एक बाजूला काढली, बसवली, बाजरी ओतली. पीठ पडायला लागलं. थोडं ओट्यावर सांडलं. ते भरून घ्यायला दाजी खाली वाकले, आणि बराच वेळ वर उठले नाहीत. शेजारणीने घंटी बंद केली नाही. आवाज होता, ते बरंच झालं.