बेटावरची ओटी

विद्या कुणाकडे काही मागत नाही. घरातली साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पिईल, पण शेजारच्या दारात वाटी घेऊन उभी राहणार नाही. मिरजेची ही मुलगी लग्न होऊन बंगळूरला जयनगरात आली, तेव्हा कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी खुणांनी बोलायची. वर्षाच्या आत त्याच भाजीवालीशी भांडण्याइतकी भाषा शिकली. पुढे पुण्या-मुंबईची आयटीतली जोडपी इकडे येऊन पडली, तर त्यांच्या मुलांना रविवारी सकाळी घरी बोलवून मराठी शिकवायला लागली. 'बाळ'ला 'बाल' म्हणणाऱ्या पोराची तिच्या हातून सुटका नसे. त्या पोरांना लाडू-चिवडाही हिच्याच घरचा. मोबदल्यात कुणी साधं फूल आणलं तरी हिला अवघडल्यासारखं व्हायचं.

मी तिच्या बरोबर उलटी. जे. पी. नगरात सगळी गल्ली मला ओळखते ती माझ्या तोंडामुळे. आमचे हे, विलास, म्हणतात की स्मिताच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ट्रॅफिकसुद्धा बाजूला होतो. देवाधर्माचं म्हणाल, तर देव आहे, असू दे बापडा, मी त्याच्या मध्ये येत नाही आणि त्यानं माझ्या मध्ये येऊ नये. आमचं दोघींचं जमलं कसं हे आम्हालाच माहीत नाही, पण जमलं खरं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी विद्याच्या एकुलत्या एका मुलाला, क्षितिजला, ऑफिसातून येताना रिंग रोडवर मोटारीनं उडवलं. डोक्याला मार. जीव वाचला, म्हणजे श्वास वाचला. तेव्हापासून तो घरी पलंगावर आहे. डोळे उघडतो, पण बघत नाही. नाकातून नळी, तिच्यातून पातळ अन्न. गळ्याला भोक पाडून आणखी एक नळी, तिच्यातून श्वास. दर थोड्या वेळानं कफ ओढून काढावा लागतो, आणि काढताना तो पोरगा असा आखडतो की धरायला दुसरं माणूस लागतं. सगळ्यांनी देव पाण्यात घातले. काही झालं नाही. डॉक्टरांनी शेवटी समोर बसवून सांगितलं, "हा असाच राहील. वर्षानुवर्षं राहू शकतो. पुन्हा छातीत जंतू गेले तर हॉस्पिटलात आणायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवून ठेवा."

सून श्वेता लगेच म्हणाली, "आणायचं. ह्यात ठरवायचं काय?" नागपूरची आहे, तोंडावर बोलणारी. नवऱ्यावर जीव टाकते. विद्याचे यजमान, नंदकिशोर भाऊजी, खाली बघत राहिले. विद्या डॉक्टरांचे कागद गोळा करून पिशवीत भरत होती. मला वाटलं, तिचंही तेच म्हणणं असणार. आईचं दुसरं काय असणार?

आता त्या बेटाचं सांगते. भाऊजींचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच. त्यांच्या घरातली मराठी म्हणजे "स्वल्प मीठ घाल" आणि "सरी, नीज आता"; थोडंला स्वल्प, बरंला सरी. विद्याच्या सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या, "आपली आई बेटावर बसलीये. तिची ओटी राहिली, तेवढी भरा." आई म्हणजे कुलदेवी. बेट म्हटल्यावर ह्यांनी पाण्यातलं बेट शोधलं. कावेरीतल्या एका बेटावर गेले, तिथे देवी काही सापडेना, मग ओटी पात्रात सोडून नमस्कार करून आले. क्षितिजच्या लग्नानंतरही तेच केलं.

आणि यंदा दसऱ्यानंतर विद्या दारात गाडीवाल्याकडून आवळे घेत होती. तो ओरडत होता, "बेट्टद नेल्लिकायी." डोंगरी आवळे. चाळीस वर्षं ही ती आरोळी ऐकते आहे. त्या दिवशी आवळा हातात धरून तशीच उभी राहिली आणि मग मला फोन केला. "स्मिता, बेट नव्हे गं. बेट्ट. सासूबाई डोंगर म्हणत होत्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. भाऊजींचा जन्म इथला, कन्नड त्यांच्या घरात मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेली, पण त्यांच्याही डोक्यात आलं नाही. मराठी वाक्यात आलेला शब्द माणसाला मराठीच वाटतो. घराण्याची जुनी जमीन मागडीकडच्या एका खेड्यात होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या खेड्यामागे डोंगर आहे, वर पडका किल्ला. गावचे लोक त्याला नावानंसुद्धा ओळखत नाहीत, नुसतं बेट्ट म्हणतात.

"आईची ओटी इतकी वर्षं नदीत गेली," विद्या म्हणाली.

"म्हणून ती क्षितिजवर डूख धरून बसली, असं म्हणायचंय का तुला? कुठली आई असं करते?" मी तिच्यावर डाफरलेच.

"डूख नाही गं. तिला आपण माहीतच नाही. आधी ओळख तर सांगायला हवी. मग बोलता येईल."

मी म्हटलं, मी येते बरोबर.

साडी घ्यायला आम्ही चिकपेटेत गेलो. त्या गर्दीत एरवी विद्या दुकानदाराला भंडावून सोडते, त्या दिवशी पहिल्याच दुकानात बसली आणि हिरवीगार, लाल काठांची साडी घेतली. पदर मात्र तीनतीनदा उलगडून बघितला, कुठे धागा तर निघाला नाही ना म्हणून. निघायच्या दिवशी श्वेतानं आपल्याकडचा खण ओटीच्या पिशवीत ठेवला. "आई, देवीला सांगा," ती म्हणाली, "एकदा त्यानं मला नावानं हाक मारू दे. बाकी काही नको." विद्यानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि पिशवी उचलली.

डोंगर म्हणजे एक अख्खा उघडाबोडका खडक. पायऱ्या खोदलेल्या, त्याही झिजलेल्या. आम्ही दोघी साठीच्या पुढच्या, माझे गुडघे तर आधीपासूनच बंडखोर. मी दर वळणावर बसत होते आणि बसल्या बसल्या सरकारपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. विद्या बसली नाही. ओटीची पिशवी तिनं छातीशी धरली होती. मी "दे इकडे" म्हटलं, तर दिली नाही. तिचा चेहरा मात्र कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, काही होवो न होवो, हिला निदान एक दिवस आशा मिळाली.

वर तटाच्या भिंती ढासळलेल्या, खडकात खोदलेलं टाकं, त्यात हिरवं पाणी. टाक्याच्या पलीकडे दगडी मंडप. चार खांब उभे, बाकीचे आडवे. त्याच्यामागे गाभारा. दाराच्या चौकटीवर अजून वेलबुट्टी होती, आणि विद्यानं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग आत गेली.

आत देवी नव्हती. जिथे देवी असायची तिथे खड्डा होता. बैठकीचा दगड उपटून बाजूला टाकलेला, माती उकरलेली, कोपऱ्यात वटवाघळांची घाण.

बाहेर एक म्हातारी शेळ्या चारत होती. मी तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "अम्मा इल्ल. होदळु." आई नाही. गेली. देवीच्या खाली निधी पुरलेला असतो, सोन्याचा हंडा, म्हणून चोरांनी खणलं होतं. मूर्ती फोडली की नेली, तिला माहीत नव्हतं. ती लग्न होऊन गावात आली, त्याच्याही आधीची गोष्ट.

मी हे विद्याला सांगितलं. मनात त्या चोरांना नाही नाही त्या शिव्या घातल्या. म्हटलं, "खाली गावात नवं देऊळ आहे, तिथल्या देवीची भरू."

"ती त्यांची आई. तिला मी काय म्हणून सांगू?" विद्या म्हणाली. ती खड्ड्याच्या काठावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग उपटलेल्या दगडाकडे बोट करून म्हणाली, "स्मिता, तू बस तिथे."

"मी? मी कशाला?"

"बस म्हणते ना. सवाष्णीत देवी असतेच. आपण नवरात्रात नाही का बसवत?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी झोडून काढलं असतं. पण ही बाई जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागत होती. मी दगडावरची माती झटकली आणि बसले. तिनं मला हळदीकुंकू लावलं. पदर पसरायला लावला. त्यात साडी, श्वेताचा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, मग ओंजळीनं तांदूळ. मग गुडघे टेकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसंच ठेवून बोलली.

"आई, क्षितिजला ने. माझ्याच्यानं त्याचे हाल बघवत नाहीत. श्वेताला मी हे सांगू शकत नाही, ह्यांना सांगू शकत नाही. तू दिलास, तूच ने."

म्हणजे चिकपेटेतल्या त्या साडीपासून हे होतं तर. तो चेहऱ्यावरचा मोकळेपणा ह्याचा होता. तिचं डोकं अजून माझ्या पायांवर होतं. कुणी पाया पडलं की माझ्या जिभेला एक वळण आहे, आमच्या आईपासून आलेलं. मेलं ते वळण, मला विचारलंच नाही त्यानं. माझा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तोंडून शब्द गेले, "लेकरं औक्षवंत होवोत."

विद्यानं डोकं वर केलं. रागावली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "मी काय मागितलं, आणि तू काय दिलंस गं." मी म्हटलं, "विद्या, ते तोंडातून निसटलं, पुन्हा पड पाया, मी नीट..." नीट म्हणजे काय म्हणणार होते मी? तुझा मुलगा जावो? ज्याला मी मांडीवर घेऊन तूपभात भरवला, त्याला? ती उठली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, ऊन चढलंय."

उतरताना तिनं एवढंच सांगितलं, "श्वेताला कळू देऊ नकोस, मी काय मागितलं ते." घरी श्वेतानं विचारलं, तर विद्यानं खरं तेच सांगितलं. मूर्ती नव्हती, स्मिताची ओटी भरली, स्मितानं लेकरं औक्षवंत होवोत म्हटलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात क्षितिजच्या छातीत जंतू गेले. हॉस्पिटलात नेलं. ह्या खेपेला अवघड आहे, असं डॉक्टरच म्हणाले. मी दिवसभर फोनपाशी बसून होते, आणि कशाची वाट बघत होते ते मलाच सांगता आलं नसतं. संध्याकाळी विद्याचा फोन आला. "ताप उतरला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो घरी आल्यावर मी बघायला गेले. तोच पलंग, त्याच नळ्या, मांस आणखी झडलेलं. विद्या त्याचा कफ काढत होती. श्वेता आतून धावत आली. "मावशी, तुमच्या आशीर्वादानं वाचला तो," म्हणाली आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. "पुन्हा म्हणा ना."

विद्याचा हात नळीवर थांबला. ती माझ्याकडे बघत होती. आशीर्वाद मिळाल्याशिवाय डोकं उचलायचं नाही, असं श्वेताला तिच्या आईनं शिकवलंय. ती उठेना, आणि मला बोलता येईना.